खडकाची गोष्ट आणि तिचा पुरावा : भूविज्ञान शिकवताना कथा कशी वापरावी

शालेय भूगोलात खडकांचे तीन प्रकार, पृथ्वीचे अंतरंग आणि भूकंपलहरी हे सारे विद्यार्थी व्याख्यांच्या रूपात शिकतात आणि परीक्षेत नीट उतरवतातही. तरीही महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत ज्या काळ्या दगडाने शाळेची भिंत, देवळाचा चौथरा आणि विहिरीचे काठ बांधलेले असतात, तो दगड तेथे आला कोठून, हा प्रश्न त्यांना पडत नाही. ‘अग्निजन्य खडक’ ही व्याख्या अचूक असते, परंतु तिच्यात काळ नसतो. काहीतरी आधी घडले, त्यामुळे नंतर काहीतरी घडले, आणि त्याची खूण आज आपल्या पायाखाली आहे, ही साखळी व्याख्येत मावत नाही. ती मावते गोष्टीत. म्हणून भूविज्ञानाच्या शिक्षणात कथेला मी धड्याच्या सुरुवातीच्या मनोरंजनाची जागा देत नाही. या विषयाचा गाभाच कथेच्या रूपाचा आहे, असे मला वाटते.

हे जरा उलगडून सांगायला हवे. भौतिकशास्त्रातला लंबक हवा तितक्या वेळा झुलवता येतो आणि प्रत्येक वेळी मोजता येतो. हिमालय मात्र पुन्हा उचलून पाहता येत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतावर लाव्हाचे थर पसरले, ही घटना एकदाच घडली आणि ती पाहायला माणूस नव्हता. भूवैज्ञानिक प्रयोगशाळेत मोजमापे करतात, दाब आणि तापमान यांचे प्रयोगही करतात, पण त्यांना शेवटी उत्तर द्यायचे असते ते ‘येथे काय घडले असेल’ या प्रश्नाचे. मागे उरलेल्या खुणांवरून घटनांचा क्रम लावणे आणि तो क्रम इतर कोणत्याही क्रमापेक्षा अधिक पटण्याजोगा का आहे हे दाखवणे, असे हे काम आहे. त्यामुळे येथे नेहमी दोन गोष्टी असतात. एक गोष्ट पृथ्वीची, म्हणजे काय घडले याची. दुसरी गोष्ट माणसांची, म्हणजे ते कसे कळले याची. वर्गात बहुधा पहिलीच सांगितली जाते, आणि दुसरी गाळल्यामुळे पहिली गोष्ट पुराणकथेसारखी केवळ विश्वासावर स्वीकारावी लागते.

या दोन्ही गोष्टी एकत्र सांगण्यासाठी मराठी शिक्षकाला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारइतके चांगले ठिकाण क्वचितच मिळेल. तेथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळपास वर्तुळाकार, काठापासून तळापर्यंत सुमारे १५० मीटर खोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी खाऱ्या, तीव्र अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. स्थानिक परंपरेतली कथा अशी, की लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली लपून राहत असे आणि लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून त्याची लपण्याची जागा काढून घेतली, त्या जागेवरचे झाकण पायाने दूर उडवले आणि त्याचा वध केला. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त आणि पाण्यातले क्षार म्हणजे त्याचे मांस, असे सांगितले जाते. लोणार गावातले दैत्यसूदनाचे देखणे प्राचीन मंदिर याच कथेशी जोडलेले आहे.

काही शिक्षक ही कथा ‘अंधश्रद्धा’ म्हणून टाळतात, तर काही जण ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणून ती विज्ञानाच्या आसनावर बसवतात. मला दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. विवर काही हजार नव्हे, तर त्याच्या कितीतरी पट वर्षे जुने आहे, त्यामुळे ती घटना कोणाच्या स्मरणातून कथेत उतरली असणे संभवत नाही. पण ही कथा रचणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, एवढे निश्चित. खड्डा आजूबाजूच्या सपाट पठाराशी विसंगत आहे, पाणी खारट आहे, आणि आत जे होते ते बाहेर फेकले गेल्यासारखे दिसते, ही तीनही निरीक्षणे कथेत आली आहेत. शिक्षकाने विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की ही कथा रचणाऱ्यांना कोणत्या गोष्टींचे स्पष्टीकरण हवे होते? मुले जी यादी करतील ती धड्याची पहिली पायरी होते, आणि श्रद्धेचा अवमान न होता निरीक्षण आणि स्पष्टीकरण यांतला फरक त्यांच्या हाती येतो.

आता माणसांच्या शोधाची गोष्ट. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोणारकडे पाहणाऱ्या बहुतेक भूवैज्ञानिकांना ते ज्वालामुखीशी संबंधित वाटले. आज हे चुकीचे आहे असे सांगून पुढे सरकणे सोपे आहे, पण मला वाटते की येथे थांबायला हवे, कारण त्यांचा तर्क अतिशय समंजस होता. सभोवती शेकडो किलोमीटर पसरलेला खडक बेसॉल्ट आहे, बेसॉल्ट लाव्हापासून बनतो, आणि लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला तर ज्वालामुखीचे मुख किंवा वाफेचा स्फोट मनात येणे स्वाभाविक आहे. त्या काळी आकाशातून पडलेल्या वस्तूने एवढा खड्डा पडू शकतो, हेच अजून सिद्ध झालेले नव्हते.

या गोष्टीतले सर्वांत शिकवण्यासारखे पात्र लोणारपासून फार दूर, अमेरिकेत आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे तेथील नामांकित भूवैज्ञानिक १८९१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका गोल विवराच्या अभ्यासाला गेले. त्या विवराभोवती लोखंडी अशनींचे, म्हणजे आकाशातून पडलेल्या वस्तूंचे, तुकडे विखुरलेले होते, म्हणून एखादी मोठी अशनी तेथे गाडली गेली असावी, ही शक्यता त्यांनी मनापासून तपासली. अशनी खाली असेल तर काठावर साचलेला ढिगारा खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरायला हवा, कारण पोकळीचा काही भाग अशनीने व्यापलेला असणार. आणि एवढे लोखंड खाली असेल तर चुंबकसुई विचलित व्हायला हवी. त्यांनी दोन्ही मोजमापे केली. ढिगारा आणि पोकळी जवळजवळ सारखी निघाली आणि सुई स्थिर राहिली. म्हणून त्यांनी वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला, आणि १८९६ मध्ये या विषयावर लिहिताना भारतातल्या लोणारशी त्या विवराचे साम्य नोंदवले. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण पद्धत आजही आदर्श मानावी अशी आहे. त्यांना एकच गोष्ट ठाऊक नव्हती: सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारी अशनी जमिनीत रुतून बसत नाही. तिच्या गतीची ऊर्जा क्षणात उष्णतेत आणि आघाताच्या लाटेत बदलते, बहुतांश अशनी वितळते किंवा वायुरूप होते, आणि विवर खणले जाते ते त्या स्फोटासारख्या आघाताने. म्हणूनच अशनी तिरकी आली तरी विवर बहुधा गोल असते आणि ते अशनीपेक्षा कितीतरी पटीने मोठे असते.

विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना गिल्बर्ट यांची दोन मोजमापे आधी सांगावी, मग क्षणभर थांबून त्यांना स्वतःचा निष्कर्ष काढू द्यावा. बहुतेक मुले गिल्बर्ट यांच्याच निष्कर्षावर पोहोचतील, आणि पोहोचू द्यावीत. त्यानंतर वेगाचा भौतिकशास्त्रीय परिणाम समजावला, की योग्य विचार करूनही एका गृहीतकामुळे निष्कर्ष कसा बदलतो हे त्यांना आतून कळते. ‘शास्त्रज्ञ आधी चुकले, मग बरोबर आले’ असे सपाट वाक्य हे काम करू शकत नाही.

अ‍ॅरिझोनाच्या विवराचा प्रश्न १९६० मध्ये सुटला. तेथील खडकात कोएसाइट नावाचे खनिज सापडले, जे सिलिकापासून केवळ प्रचंड दाबाखाली तयार होते. त्यानंतर लोणारकडे नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९६४ मध्ये लाफाँ आणि डीट्झ यांनी लोणार अशनीपाताचे विवर असावे का, हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी त्याचे ठोस उत्तर प्रसिद्ध केले. सरोवराच्या तळाशी यंत्राने पाडलेल्या खोल वेधनछिद्रांतून वर आलेल्या खडकाच्या तुकड्यांत त्यांना मस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला होता. हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घेऊ. बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे पांढुरके स्फटिक असतात. त्यांना तापवून वितळवले आणि झपाट्याने थंड केले तर काच होते, पण मग स्फटिकाचा मूळ आकार उरत नाही. मस्केलिनाइटमध्ये मात्र स्फटिकाची बाह्यरेषा जशीच्या तशी असते आणि आतली रचना काचेसारखी विस्कटलेली असते. याचा अर्थ तो पदार्थ वाहिला नाही, जागच्या जागी चिरडला गेला. त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३ लाख पट दाब लागतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कोणताही ज्वालामुखी असा दाब निर्माण करत नाही, अशनीचा आघात मात्र करतो. एका सूक्ष्म कणाने शंभर वर्षांची शंका निकालात काढली, आणि नाट्याच्या दृष्टीनेही यापेक्षा चांगला कळसबिंदू शोधून सापडणार नाही.

जे विद्यार्थी लोणारला सहलीने जातात, त्यांना सूक्ष्मदर्शकाशिवायही एक पुरावा पाहता येतो. दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचे थर जवळजवळ आडवे असतात, परंतु विवराच्या काठावर तेच थर वर उचललेले आणि काही ठिकाणी पार उलटे झालेले दिसतात. काठापलीकडे आतून उडालेल्या दगडधोंड्यांचे आच्छादन पसरले आहे. सहल म्हणजे मंदिरे, धारेचे पाणी आणि सामूहिक छायाचित्र एवढीच राहू नये असे वाटत असेल, तर शिक्षकाने ‘थर आडवे का नाहीत?’ हा एकच प्रश्न विद्यार्थ्यांसोबत काठावर न्यावा.

विवर नेमके कधी पडले, या प्रश्नाचे उत्तर अजून खुले आहे, आणि माझ्या मते तीच या गोष्टीची सर्वांत मोठी शैक्षणिक देणगी आहे. आघाताने बनलेल्या काचेच्या उष्मादीप्तीवरून, म्हणजे ती तापवल्यावर पडणाऱ्या मंद प्रकाशावरून, वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले होते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांच्या (खडकात काळानुसार साचत जाणाऱ्या आर्गॉन वायूच्या) मापनातून ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. दोन्हींत दहापटीहून अधिक अंतर आहे. विद्यार्थ्यांना हे लपवून एकच आकडा देण्याचा मोह होतो, कारण प्रश्नपत्रिकेला एकच आकडा हवा असतो. पण दोन पद्धती नेमके काय मोजतात, मधल्या काळात काचेला उष्णता किंवा पाणी लागले तर कोणते मापन बिघडेल, जुन्या बेसॉल्टमधला आर्गॉन वायू आघाताने पूर्णपणे निसटला नसेल तर वय कोणत्या दिशेने चुकेल, हे प्रश्न विज्ञान म्हणजे काय ते दाखवतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दहावीचा विद्यार्थीसुद्धा शोधू शकतो: जुना आर्गॉन उरला असेल, तर विवर खऱ्याहून म्हातारे दिसेल.

येथे काळाच्या मापाचा प्रश्न येतो. पन्नास हजार, पाच लाख आणि साडेसहा कोटी हे आकडे ऐकणाऱ्याला तिन्ही सारखेच ‘खूप जुने’ वाटतात, आणि मग गोष्टीचा क्रम कोसळतो. त्यासाठी १ सेंटिमीटर म्हणजे १०,००० वर्षे असे प्रमाण धरून शाळेच्या मैदानावर दोरी पसरावी. माणसाचा लिखित इतिहास अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास बसतो. लोणारचे विवर एका मापनानुसार ५ सेंटिमीटरच्या किंचित पुढे, तर दुसऱ्यानुसार ५७ सेंटिमीटरवर येते. ज्या बेसॉल्टमध्ये ते खणले गेले, तो मात्र ६६ मीटरवर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे असतो, आणि पृथ्वीच्या जन्मासाठी याच प्रमाणात सुमारे साडेचार किलोमीटर चालत जावे लागते. ज्वालामुखीच्या खडकात असूनही विवर ज्वालामुखीचे का नसावे, हे दोरीवरचे अंतर पाहिल्यावर वेगळे समजावण्याची फारशी गरज उरत नाही: खडक आणि खड्डा यांचा काळ एक नाहीच.

बेसॉल्टच्या थरांतही मोठ्या विरामांची गोष्ट दडलेली आहे. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या कापात दोन काळ्या थरांच्या मध्ये अनेकदा तांबडा, गेरूसारखा पट्टा दिसतो. विहिरी खोदणाऱ्यांनाही तो परिचयाचा असतो. आधीच्या लाव्हाचा पृष्ठभाग ऊन-पावसात झिजून त्याची माती झाली, किंवा त्यावर पडलेली ज्वालामुखीची राख कुजली, आणि नंतर आलेल्या लाव्हाने तिला झाकले व भाजले, असा त्या पट्ट्याचा साधारण अर्थ असतो. मधल्या शांत काळात तेथे तळी होती, झाडे होती, प्राणी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी अशा मधल्या थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. मुंबईत वरळीच्या खडकांत लहान बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म सापडले. आजच्या वरळीत राहणाऱ्या मुलाला, कधीकाळी तेथे उथळ तळे होते, त्यात बेडूक ओरडत होते आणि आधीच्या व नंतरच्या लाव्हांच्या मधला तो काळ होता, असे सांगितल्यावर ‘आंतरप्रवाही गाळाचे थर’ ही संज्ञा वेगळी पाठ करावी लागत नाही. खरे तर ती संज्ञा पहिल्याच दिवशी सांगायची गरजही नाही.

कथा वापरताना काही धोके असतात आणि त्यांची जाण शिक्षकाला हवीच. त्यांतला सर्वांत सामान्य धोका हेतूचा. ‘भारत आशियाला भेटायला निघाला’, ‘नदीला समुद्र गाठायचा होता’ अशी वाक्ये प्राथमिक शाळेत ठीक आहेत, पण आठवी-नववीपर्यंत ती सुटायला हवीत, नाहीतर विद्यार्थी ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी कोणाच्या तरी इच्छेत शोधू लागतो. भारतीय भूपट्ट सरकला तो त्याला कोठे जायचे होते म्हणून नव्हे, तर पृथ्वीच्या अंतर्भागातली उष्णता आणि बुडणाऱ्या थंड भूपट्टांचे वजन यांमुळे. शास्त्रज्ञाला एकटा वीर ठरवण्याची सवय हा त्याहून सूक्ष्म धोका. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले, जगाने त्यांना नाकारले, आणि शेवटी ते खरे ठरले, अशी कथा लोकप्रिय आहे. पण नाकारणाऱ्यांकडे एक रास्त कारण होते: खंड सरकवणारे बल वेगेनर पटेल असे दाखवू शकले नव्हते. पुढे सागरतळाचे नकाशे आणि तळखडकातले चुंबकीय पट्टे यांतून पुरावा उभा राहिला. त्यात सागरतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांनी अटलांटिकच्या मध्यभागी ओळखलेल्या खचदरीचा वाटा मोठा होता, आणि त्यांचे ते निरीक्षण सुरुवातीला सहकाऱ्यांनी गांभीर्याने घेतले नव्हते. ही गोष्ट अनेक माणसांची आहे, आणि तशीच सांगितली तर ती अधिक खरी आणि अधिक रंजकही होते.

पण कथेचे सामर्थ्य आणि कथेची मर्यादा एकाच वेळी पाहायची असेल, तर त्सुनामीकडे वळावे लागते. इंडोनेशियातल्या सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये मोठी त्सुनामी आली होती. तिची आठवण तेथील लोकांनी ‘स्मोंग’ या नावाने कथांत आणि पाळण्यावरच्या गाण्यांत जपली: जोराचा भूकंप झाला आणि मग समुद्र मागे हटला, तर क्षणाचाही विलंब न लावता डोंगरावर पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाचे केंद्र त्या बेटाच्या जवळच होते आणि लाटा काही मिनिटांत किनाऱ्यावर पोहोचल्या. सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या त्या बेटावर फक्त ७ जण दगावले, तर जवळच्या सुमात्राच्या आचे प्रांतात दीड लाखांहून अधिक लोकांचा जीव गेला. कोणतीही यंत्रणा वेळेत इशारा देऊ शकली नसती अशा जागी एका आजीच्या गाण्याने इशारा दिला. भूविज्ञानाच्या शिक्षणाचा याहून थेट उपयोग मला माहीत नाही.

आता त्याच गोष्टीची दुसरी बाजू. समुद्र मागे हटणे ही खूण सर्वत्र लागू पडत नाही. २००४ च्या भूकंपात समुद्रतळाचा पश्चिमेकडचा भाग वर उचलला गेला आणि पूर्वेकडचा भाग खचला. त्यामुळे पूर्वेला, म्हणजे थायलंडच्या बाजूला, आधी पाणी मागे ओढले गेले. पश्चिमेला, म्हणजे श्रीलंका आणि भारताच्या बाजूला, पहिल्यांदा पोहोचला तो पाण्याचा फुगवटा. शिवाय हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या या किनाऱ्यांवर बहुतेकांना भूकंप फारसा जाणवलाही नव्हता. सिमेउलुएची गोष्ट जशीच्या तशी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सांगितली असती, तर तिथल्या माणसाने जमीन हलण्याची आणि समुद्र मागे हटण्याची वाट पाहिली असती. गोष्ट तिच्या जागी अचूक होती, दुसरीकडे अपुरी पडली असती. लाट कशी निर्माण होते हे विज्ञान सोबत असेल, तरच विद्यार्थ्याला गोष्टीतले काय कोठे लागू होते ते ठरवता येते.

जपानमधले उदाहरणही असेच बोलके आहे. १८५४ च्या त्सुनामीत हिरो या गावात हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंजी पेटवून लोकांना वाचवले. या घटनेवरून बेतलेली कथा १९३७ पासून सुमारे दहा वर्षे तेथील शाळांच्या वाचनपुस्तकात होती. कथेत हामागुची वृद्ध आहेत, भूकंप सौम्य आणि लांबलेला आहे, आणि आग लावली आहे ती लोकांना डोंगराकडे खेचण्यासाठी. प्रत्यक्षात ते पस्तिशीच्या आसपासचे सोया सॉसचे व्यापारी होते, भूकंप प्रचंड होता, आणि पहिल्या लाटांनंतर अंधारात वाट चुकलेल्यांना उंच जागेची दिशा दिसावी म्हणून त्यांनी गंजी पेटवल्या होत्या. कथेने फार काही बिघडवले असे मी म्हणणार नाही. मुलांच्या मनात तिने एक तीव्र चित्र कोरले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये त्या घटनेच्या जपानी तारखेवरूनच ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागरूकता दिन ठरवला. मला खटकते ते गाळलेले पुढचे प्रकरण. हामागुची यांनी आपत्तीनंतर स्वतःच्या पैशातून गावासाठी सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध बांधवला, उद्ध्वस्त गावकऱ्यांना त्यातून काम मिळाले, आणि १९४६ ची त्सुनामी आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. कथाकाराला आग अधिक मोहक वाटते, हे मी समजू शकतो. शिक्षकाने मात्र बांधही सांगावा, कारण आपत्तीपूर्वी केलेले कंटाळवाणे, वर्षानुवर्षांचे काम हाही त्याच गोष्टीचा भाग आहे.

ज्या गावाजवळ लोणार नाही किंवा समुद्र नाही, तेथे काय करावे, असा प्रश्न शिक्षक विचारतील. नवी विहीर खोदली जात असेल तर तेथे जावे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक), मग काळा पाषाण, ही नावे विहीर खोदणारा सांगेल आणि मुलांना ती घरातून ठाऊक असतील. मुरूम म्हणजे झिजत चाललेला पाषाण, हे एकदा कळले की त्या उभ्या कापात माती तयार होण्याची सारी प्रक्रिया खालून वर वाचता येते. पाषाणातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक किंवा गारगोट्या भरलेल्या दिसल्या, तर विचारावे: आधी पोकळी की आधी स्फटिक? लाव्हातल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या आणि खूप नंतर पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत खनिजे आणून भरली, हा क्रम मुले थोड्या चर्चेत स्वतः लावतात. कोकणात आणि गोव्यात हीच जागा जांभा दगडाची खाण घेईल. तेथे प्रश्न असा, की मूळ खडक काळा आणि घट्ट असताना हा दगड तांबडा आणि छिद्रांचा कसा झाला? दीर्घकाळच्या उष्ण, पावसाळी हवामानाने सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये वाहून नेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनिअम मागे राहिले, हे उत्तर मिळाले की त्या प्रदेशाच्या जुन्या पावसाची गोष्ट चिऱ्याच्या भिंतीतही दिसू लागते. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवली, ही कोकणाची कथा येथेही लोणारसारखीच वापरता येईल: कोणत्या निरीक्षणांनी ती सुचली असेल, हे विचारून.

यानंतर विद्यार्थ्यांनी स्वतः गोष्ट लिहावी. ‘मी एक दगड बोलतोय’ छापाचे आत्मवृत्त मराठी शाळांत फार जुने आहे आणि ते टाकून द्यावे असे मला वाटत नाही. फक्त त्याला एक अट जोडावी. प्रत्येक घटनेपुढे समासात, ती घडल्याचे कशावरून कळते, हे विद्यार्थ्याने लिहायचे. ‘मी लाव्हा म्हणून वाहिलो’ या वाक्यासमोर ‘बारीक स्फटिक, बुडबुड्यांच्या पोकळ्या’ असे यायला हवे. ‘मग मी हजारो वर्षे उघड्यावर पडून राहिलो’ या वाक्यासमोर ‘वरचा तांबडा थर’. ज्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते वाक्य खोडायचे नाही, त्यावर ‘अंदाज’ अशी खूण करायची. गुण देताना भाषेच्या लालित्यापेक्षा समासाला अधिक महत्त्व द्यावे, आणि अंदाज प्रामाणिकपणे अंदाज म्हणून नोंदवल्याबद्दल गुण कापू नयेत. वर्गातल्या दोन मुलांनी एकाच दगडावरून वेगवेगळा क्रम लावला, तर दोघांचे समास शेजारी ठेवून कोणत्या क्रमाला अधिक आधार आहे हे वर्गाने ठरवावे, आणि ठरवता आले नाही तर आणखी काय पाहायला हवे याची नोंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा विहिरीवर जावे.